वाचकांचे प्रश्न: उत्तर येतं, पण पटत नाही

या वेळच्या टपालात उष्मागतिकी आणि रासायनिक समतोल यांचाच भरणा आहे. परीक्षा जवळ आल्या की असं होतंच. बहुतेक पत्रांचा सूर एकच: सूत्र बरोबर, आकडेमोड बरोबर, तरी उत्तर जुळत नाही. त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथे आकडे २९८ केल्विनचे आणि दाब बारमध्ये आहे. डेल्टा एच म्हणजे अभिक्रियेतला उष्णतेचा बदल, डेल्टा एस म्हणजे एन्ट्रॉपीचा (अव्यवस्थेचा) बदल, आणि अभिक्रिया आपणहून कुठल्या दिशेने जाईल ते सांगणारा डेल्टा जी. डोक्यावर छोटं शून्य असलेल्या डेल्टा जीला वर्गात सगळे 'डेल्टा जी नॉट' म्हणतात, तसंच इथे लिहिलं आहे. घातासाठी ^ हे चिन्ह आणि अज्ञात राशीसाठी आपलं जुनं 'क्ष'.

प्रश्न: कॅल्शियम कार्बोनेट तापवलं की कॅल्शियम ऑक्साइड आणि कार्बन डायॉक्साइड तयार होतात. या अभिक्रियेचा डेल्टा एच १७८.३ आणि डेल्टा एस १६०.५ दिला आहे. २९८ केल्विनला डेल्टा जी काढला तर उणे ४७,६५१ आला. उत्तरसूचीत अधिक १३०.५ आहे. तीनदा करून पाहिलं, चूक सापडत नाही.
— बारावीची विद्यार्थिनी, सातारा

आकडेमोडीत चूक नाहीच, म्हणून ती सापडत नाही. चूक एककात आहे. सूत्र आहे डेल्टा जी = डेल्टा एच − तापमान × डेल्टा एस. तक्त्यात डेल्टा एच किलोज्यूलमध्ये देतात आणि डेल्टा एस ज्यूलमध्ये. वजाबाकी करण्याआधी दोन्ही एका मापात आणायला हवेत. १६०.५ ज्यूल म्हणजे ०.१६०५ किलोज्यूल. त्याला २९८ ने गुणलं की ४७.८, आणि १७८.३ मधून ४७.८ गेले की १३०.५.

पण मुळात उणे ४७,६५१ लिहितानाच हात थबकायला हवा होता. सत्तेचाळीस हजार किलोज्यूल म्हणजे साधारण एक किलो स्वयंपाकाचा गॅस जाळल्यावर निघणारी उष्णता. शंभर ग्रॅम चुनखडीच्या ढेकळात एवढी ऊर्जा कुठून येणार? शिवाय चिन्ह उणे आहे, म्हणजे ही अभिक्रिया खोलीच्या तापमानाला आपणहून पुढे जायला हवी. तसं असतं तर घरातली शहाबादी फरशी आणि ओट्याचा कडप्पा बसल्या जागी चुना झाले असते, कारण दोन्ही चुनखडकच आहेत.

याच गणिताचा पुढचा भाग नेहमी विचारतात: अभिक्रिया कोणत्या तापमानाला सुरू होईल? १७८.३ भागिले ०.१६०५, म्हणजे ११११ केल्विन, अर्थात ८३८ अंश सेल्सिअस. इथे 'सुरू होईल' हा शब्दच फसवा आहे. या अभिक्रियेतले दोन्ही घन पदार्थ समतोलाच्या सूत्रात येत नाहीत, त्यामुळे केपी (वायूंच्या दाबांवरून काढलेला समतोल स्थिरांक) म्हणजे फक्त कार्बन डायॉक्साइडचा दाब. ८३८ अंशांना हा दाब १ बार होतो, एवढंच ते उत्तर सांगतं. प्रत्यक्षात तो ९०० अंशांच्या आसपास १ बार होतो. साठ अंशांचा फरक पडतो, कारण आपण २९८ केल्विनचे डेल्टा एच आणि डेल्टा एस तसेच्या तसे अकराशे केल्विनला वापरले. परीक्षेत ११११ हेच उत्तर द्यायचं, पण ते अंदाजी आहे हे माहीत असू द्यावं.

आता चुन्याच्या भट्टीकडे. वायू सतत वाहून जात असेल आणि भोवती फक्त हवेतला कार्बन डायॉक्साइड असेल, म्हणजे सुमारे ०.०००४ बार, तर हेच गणित ५२० अंशांच्या आसपास उत्तर देतं. मग भट्टी हजार अंशांपर्यंत का तापवतात? एक तर कमी तापमानाला वेग फार मंद असतो. दुसरं म्हणजे ढेकळाच्या पोटात तयार झालेला वायू बाहेर पडेपर्यंत आत साठतो, आणि तिथला दाब ०.०००४ नसतो, १ बारच्या जवळ असतो. गाभा कच्चा राहू नये म्हणून तापमान वर ठेवावं लागतं. मात्र फार भाजलेला चुना नंतर पाण्यात लवकर विरत नाही आणि गिलाव्यात बसल्यावर फुगून पोपडे काढतो.

उलट टोकही पाहून घ्या. २९८ केल्विनला समतोलाचा दाब १.३ × १०^-२३ बार येतो. हवेतला दाब त्याच्या अब्जावधी पटींनी जास्त, म्हणून झाकण उघडं राहिलेल्या बरणीतला चुना हळूहळू पुन्हा कार्बोनेट होतो.

प्रश्न: नायट्रोजन डायॉक्साइड तपकिरी, डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड रंगहीन. बंद सिरिंजमध्ये दोघांचं मिश्रण घेऊन दट्ट्या दाबला तर एका पुस्तकात 'रंग फिका होतो' आणि दुसऱ्यात 'रंग गडद होतो' असं लिहिलं आहे. वर्गात काय सांगायचं?
— कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षक, नाशिक

दोन्ही पुस्तकं अर्धी अर्धी बरोबर आहेत. भांडण मिटतं ते डोळा कुठे ठेवला यावर.

आधी आकडे. टेट्रॉक्साइडच्या एका रेणूपासून डायॉक्साइडचे दोन होतात, आणि या अभिक्रियेचा केपी ०.१४८. सिरिंजमधला एकूण दाब १ बार असेल तर समतोलाला तपकिरी वायूचा आंशिक दाब ०.३१८ आणि रंगहीन वायूचा ०.६८२ बार असतो. ०.३१८ चा वर्ग भागिले ०.६८२, उत्तर ०.१४८. म्हणजे सुरुवात ठीक आहे.

आता घनफळ निम्मं करा. पहिल्या क्षणी अभिक्रियेला हलायलाही वेळ मिळालेला नसतो, त्यामुळे दोन्ही दाब सरळ दुप्पट: ०.६३६ आणि १.३६४. क्यू (म्हणजे केपीचाच भागाकार, पण त्या क्षणाचे दाब घालून) काढला तर ०.२९६ येतो, केपीच्या दुप्पट. क्यू मोठा म्हणजे गाडी मागे वळणार, तपकिरीचा रंगहीन होणार. टेट्रॉक्साइड क्ष ने वाढला तर डायॉक्साइड २क्ष ने घटेल:

(०.६३६ − २क्ष)^२ ÷ (१.३६४ + क्ष) = ०.१४८

वर्गसमीकरणाची दोन उत्तरं येतात, ०.०८६ आणि ०.५८६. दुसरं घेतलं तर तपकिरी वायूचा दाब उणे होतो, म्हणून ते बाद. पहिल्यावरून शेवटचे दाब ०.४६३ आणि १.४५०. पडताळा घ्या, पुन्हा ०.१४८ च्या जवळच येतं.

तपकिरी वायूचा प्रवास असा झाला: ०.३१८ वरून झटक्यात ०.६३६, आणि मग ओसरून ०.४६३. सिरिंज आडवी धरून बाजूने पाहिली तर रंग आधी एकदम गडद होतो, मग काहीसा उतरतो, पण मूळच्यापेक्षा गडदच राहतो. 'दाब वाढवला की समतोल रंगहीन बाजूला सरकतो, म्हणून रंग मूळच्यापेक्षा फिका' असं लिहिणारा विद्यार्थी इथे फसतो. समतोल सरकला खरा, पण दाबल्याने झालेली दाटी पुरती भरून काढण्याइतका सरकत नाही. बदल कमी होतो, नाहीसा होत नाही. ल शातेलिए यांचं तत्त्व म्हणतं की समतोलावर बदल लादला तर समतोल तो बदल कमी करण्याच्या दिशेने सरकतो. त्यातला 'कमी' हाच शब्द घाईत गळतो.

आता तीच सिरिंज डोळ्यासमोर नळीसारखी धरून लांबीच्या दिशेने आरपार पाहा. दट्ट्या दाबल्यावर वायू दुप्पट दाट झाला, पण नजरेच्या वाटेतली लांबी निम्मी झाली. त्यामुळे पहिल्या क्षणी रंग बदललेला दिसतच नाही: ०.६३६ चा निम्मा, ०.३१८. मग जे काही फिकं होतं ते फक्त समतोल सरकल्यामुळे. शेवटी ०.४६३ चा निम्मा, म्हणजे ०.२३२. इथे रंग मूळच्यापेक्षा खरोखरच फिका आहे. वर्गात दोन्ही बाजूंनी दाखवा, आणि आधी मुलांना अंदाज लिहायला लावा.

दोन सावधगिऱ्या. दट्ट्या झटक्यात दाबला की वायू तापतो आणि विघटन उष्माग्राही असल्यामुळे तेवढ्यापुरता तपकिरी रंग जास्त दिसतो, म्हणून काही सेकंद थांबून मगच निरीक्षण लिहा. आणि हा वायू विषारी आहे. तांबं आणि तीव्र नायट्रिक आम्लापासून तो बनवायचा तर धूर खेचणाऱ्या कपाटातच, आणि सिरिंजचं तोंड घट्ट बंद करूनच बाहेर आणायची.

प्रश्न: याच मिश्रणात हेलियम घातला तर? एकदा 'काही परिणाम नाही' आणि एकदा 'विघटन वाढतं' असं उत्तर दिसलं.
— नीटची तयारी करणारा विद्यार्थी, परभणी

प्रश्नात 'घनफळ स्थिर' लिहिलंय की 'दाब स्थिर', ते आधी वाचा. घनफळ स्थिर असेल तर एकूण दाब वाढतो, पण दोन्ही वायूंचे आंशिक दाब होते तेच राहतात, क्यू हलत नाही, परिणाम शून्य. दाब स्थिर ठेवला तर हेलियमला जागा द्यायला घनफळ वाढतं, दोन्ही वायू विरळ होतात आणि समतोल जास्त रेणूंच्या बाजूला जातो. एकूण दाब १ बार असताना टेट्रॉक्साइडचं विघटन १९ टक्के असतं. या दोन वायूंचा मिळून दाब ०.१ बारवर आला तर ते ५२ टक्के होतं.

प्रश्न: 'डेल्टा जी अधिक असेल तर अभिक्रिया होत नाही' असं वहीत लिहून दिलं आहे. टेट्रॉक्साइडच्या विघटनाचा डेल्टा जी अधिक ४.७३ किलोज्यूल आहे, तरी त्याचं विघटन होतं. मग वहीतलं वाक्य खोटं का?
— अकरावीची विद्यार्थिनी, अकोला

वाक्य खोटं नाही, त्यातला 'नॉट' कुठे लावायचा तो घोळ आहे. ४.७३ हा डेल्टा जी नॉट आहे. दोन्ही वायू १-१ बारला हजर असताना पुढे जायचं तर काय पडेल, हे तो सांगतो. तुमच्या भांड्यात सुरुवातीला तशी स्थिती नाहीच. नुसता टेट्रॉक्साइड भरला तर क्यू शून्य असतो.

डेल्टा जी = डेल्टा जी नॉट + आरटी × क्यूचा नैसर्गिक लॉग (आर हा वायू स्थिरांक, टी तापमान)

क्यू शून्याच्या जवळ असताना लॉग प्रचंड उणे असतो, त्यामुळे डेल्टा जी नॉट कितीही अधिक असला तरी थोडंफार विघटन होणारच. ते होता होता क्यू वाढतो, आणि तो ०.१४८ झाला की डेल्टा जी शून्य. तिथे समतोल. समतोलाला डेल्टा जी शून्य असतो, डेल्टा जी नॉट नव्हे. हे दोन चिन्ह एकमेकांच्या जागी लिहून गेलेले गुण दर वर्षी मोजण्यापलीकडे असतात.

एक आकडा मात्र पाठ करण्यासारखा आहे: ५.७. २९८ केल्विनला डेल्टा जी नॉट ५.७ किलोज्यूलने बदलला की समतोल स्थिरांक दहापट बदलतो. ४.७३ भागिले ५.७१ म्हणजे ०.८३, आणि १०^-०.८३ म्हणजे ०.१४८. वरच्या चुनखडीचे १३०.५ घेतले तर १०^-२२.९, तोच १.३ × १०^-२३. कॅल्क्युलेटर हाती घेण्याआधी उत्तर किती शून्यांचं असणार ते यावरून कळतं. चिन्ह उलटं पडलं असेल तर तेही लगेच दिसतं, कारण डेल्टा जी नॉट अधिक असेल तर के एकपेक्षा लहान असलाच पाहिजे.

प्रश्न: समतोलाच्या गणितात 'क्ष लहान आहे म्हणून सोडून देऊ' हे नक्की केव्हा चालतं? क्लासमध्ये ५ टक्के म्हणतात, पण क्ष माहीत नसताना टक्के कसे काढायचे?
— जेईईचा विद्यार्थी, लातूर

आधी सोडून द्यायचं, मग तपासायचं. अॅसिटिक आम्लाचा केए (आम्लाच्या आयनीभवनाचा समतोल स्थिरांक) १.८ × १०^-५. द्रावण ०.१ मोलर असेल तर क्षचा वर्ग १.८ × १०^-६, क्ष ०.००१३४. हा ०.१ च्या १.३ टक्के आहे, म्हणून चाललं.

आता तेच द्रावण शंभरपट पातळ करा, ०.००१ मोलर. त्याच पद्धतीने क्ष १.३४ × १०^-४ येतो, म्हणजे १३ टक्के. नाही चालत. इथे बहुतेक जण वर्गसमीकरणाकडे धावतात. त्याआधी ही युक्ती करून पाहा: आलेला क्ष छेदातल्या संहतीतून वजा करा आणि पुन्हा वर्गमूळ काढा. ०.००१ मधून ०.०००१३४ गेले की ०.०००८६६, त्याला १.८ × १०^-५ ने गुणून वर्गमूळ घेतलं की १.२५ × १०^-४. आणखी एक फेरी मारा, १.२५५ × १०^-४. वर्गसमीकरणही तेच देतं. दोन फेऱ्यांत काम होतं, आणि चिन्हांची चूक होण्याची शक्यता कमी. बहुपर्यायी परीक्षेत पर्याय जवळजवळ असतील तरच ही कसरत करा, कारण सामूत (पीएचमध्ये) फरक पडतो तो ३.८७ आणि ३.९० एवढाच.

पण या नियमाचा खरा गैरवापर दुसरीकडे होतो, के प्रचंड मोठा असताना. सिल्व्हर आयन आणि अमोनिया यांचं संयुग आयन बनतं, त्याचा के १.७ × १०^७. सिल्व्हर ०.०१ मोलर, अमोनिया ०.१० मोलर. 'क्ष' इतकं संयुग तयार झालं असं धरून तो लहान समजलात तर सगळं चुकलं, कारण क्ष जवळजवळ ०.०१ आहे. अशा वेळी आधी अभिक्रिया पूर्ण झाली असं समजा: सगळं सिल्व्हर संपलं, संयुग ०.०१, अमोनिया दोनास एक या प्रमाणात खर्च होऊन ०.०८ उरला. आता तिथून मागे या. सुटलेलं सिल्व्हर क्ष, आणि हा क्ष मात्र खरंच लहान आहे: ०.०१ भागिले (१.७ × १०^७ × ०.०८^२), म्हणजे ९.२ × १०^-८ मोलर. के लहान असेल तर डावीकडून निघा, मोठा असेल तर उजवीकडून. क्ष दोन्हीकडे लहानच राहतो.

आणि के मधलाच असेल तर? तेव्हा आधी सूत्राकडे बघा. हायड्रोजन, आयोडीन आणि हायड्रोजन आयोडाइड, केसी (संहतींवरून काढलेला समतोल स्थिरांक) ५०, सुरुवातीच्या संहती ०.१०, ०.१० आणि ०.५०. क्यू २५, म्हणून पुढे जाणार. (०.५० + २क्ष) भागिले (०.१० − क्ष), आणि सगळ्याचा वर्ग. दोन्हीकडे वर्गमूळ घेतलं की ७.०७ उरतो, क्ष ०.०२२८. वर्गसमीकरण उलगडत बसलात तर दोन मिनिटं वाया.

प्रश्न: आर केव्हा ८.३१४ घ्यायचा आणि केव्हा ०.०८३?
— बारावीचा विद्यार्थी, कोल्हापूर

ऊर्जा असेल तिथे ८.३१४. लिटर आणि बार असतील तिथे ०.०८३१४, लिटर आणि अॅटमॉस्फिअर असतील तिथे ०.०८२१. केपी आणि केसी यांच्या सूत्रात संहती लिटरवर असते, म्हणून तिथे दुसरा. टेट्रॉक्साइडचा केपी ०.१४८, २९८ केल्विनला आरटी २४.८, तर केसी ०.००६०. तिथे ८.३१४ घातलात तर उत्तर बरोबर शंभरपट लहान येतं, आणि दुर्दैवाने तो पर्यायही छापलेला असतो.

प्रश्न: अमोनियाची निर्मिती उष्मादायी आहे, म्हणजे थंडीत जास्त अमोनिया मिळायला हवा. मग कारखान्यात ४५० अंश का? दुसरं, २९८ केल्विनचा केपी एका पुस्तकात ५.८ × १०^५ आणि दुसऱ्यात सुमारे ७६० आहे. तिसरं, व्हांट हॉफ समीकरणाने ४५० अंशांचा केपी काढला तर मोजलेल्या आकड्याशी जुळत नाही.
— बी.एस्सी.चा विद्यार्थी, अलिबाग

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू. दोन्ही पुस्तकं बरोबर आहेत. एकात समीकरण एक नायट्रोजन, तीन हायड्रोजन, दोन अमोनिया असं आहे, दुसऱ्यात सगळं निम्मं करून एक अमोनिया. समीकरण निम्मं केलं की स्थिरांकाचं वर्गमूळ होतं, दुप्पट केलं की वर्ग, उलटं केलं की व्यस्त. समीकरणाशिवाय नुसता स्थिरांक दिला असेल तर त्याला अर्थ नाही.

आता व्हांट हॉफ, म्हणजे तापमान बदललं की समतोल स्थिरांक किती बदलतो ते सांगणारं समीकरण. डेल्टा एच उणे ९२.२ किलोज्यूल. २९८ केल्विनला केपीचा नैसर्गिक लॉग १३.२७. ४५० अंश म्हणजे ७२३ केल्विन. ९२,२०० भागिले ८.३१४ म्हणजे ११,०९०, आणि तापमानांच्या व्यस्तांतला फरक ०.००१९७३. गुणाकार २१.९. अभिक्रिया उष्मादायी आहे म्हणून लॉगमधून हे वजा होणार: १३.३ मधून २१.९ गेले, उणे ८.६. केपी १.८ × १०^-४. तुम्हालाही हेच आलं असेल. मोजलेला आकडा याच्या साधारण चौथा हिस्सा, ४.५ × १०^-५ च्या आसपास आहे. चूक तुमची नाही. आपण धरलं की डेल्टा एच बदलत नाही, पण चारशे अंशांच्या प्रवासात तो उणे ९२ वरून उणे १०५ च्या आसपास जातो, आणि घातांकात बसलेला एवढासा फरक उत्तर चौपट हलवतो. वजाबाकी उलटी केलीत तर मात्र केपी तापमानाबरोबर वाढेल. उष्मादायी अभिक्रियेत असं दिसलं की तिथेच थांबून चिन्ह तपासा.

पहिला प्रश्न. केपी सुमारे तेराशे कोटी पटींनी पडतो हे दिसतंच आहे, तरी तापवतात, कारण नायट्रोजनचा तिहेरी बंध थंडीत तुटत नाही. समतोल कुठे आहे हे उष्मागतिकी सांगते, तिथे पोचायला किती वेळ लागेल ते नाही. लोखंडाचा उत्प्रेरक ४०० ते ५०० अंशांना चालू लागतो. तापमानाने घालवलेलं दाबाने परत मिळवतात, साधारण १५० ते २५० बार, कारण चार रेणूंचे दोन होतात. तरी एका फेरीत थोडाच वायू बदलतो. अमोनिया थंड करून द्रवरूपात काढून घेतात आणि उरलेला वायू पुन्हा फिरवतात. तुमच्या शेजारी थळला अमोनिया बनतो तो याच मार्गाने. गंमत अशी की ज्यांच्या नावाने आपण हे तत्त्व घोकतो त्या ल शातेलिए यांनी १९०१ मध्येच दाबाखाली हा प्रयोग केला होता. मिश्रणात हवा शिरून स्फोट झाला आणि त्यांनी नाद सोडला. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हाबर यांना १९०९ मध्ये यश आलं, आणि बॉश यांच्या देखरेखीखाली १९१३ मध्ये जर्मनीत ओप्पाऊला पहिला कारखाना सुरू झाला.

प्रश्न: प्रात्यक्षिकात ५० मिलिलिटर १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि तेवढंच १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड मिसळलं. तापमान २७.० वरून ३३.७ झालं. उदासीनीकरणाची उष्णता २८ किलोज्यूल आली, हवी ५६ च्या आसपास.
— बारावीची विद्यार्थिनी, ठाणे

नेमकं निम्मं आलं म्हणजे वस्तुमान ५० ग्रॅम घेतलंत. तापतं ते सगळं द्रावण, १०० ग्रॅम. १०० × ४.१८ × ६.७ म्हणजे २८०० ज्यूल, भागिले ०.०५० मोल, ५६ किलोज्यूल. उत्तरापुढे उणे लावा, आणि ६.७ मध्ये २७३ मिळवू नका. तापमानातला फरक दोन्ही मापांत तोच असतो. दोन्ही द्रावणं मिसळण्याआधी एकाच तापमानाला आहेत ना, ते पाहायचं मात्र राहून जातं. नळाच्या पाण्याने नुकतंच बनवलेलं एक द्रावण दोन अंशांनी थंड असेल तर थर्माकोलचा पेलाही वाचवू शकत नाही. तोंडी परीक्षेत विचारतात तो प्रश्नही करून ठेवा: आम्ल १०० मिलिलिटर घेतलं आणि आम्लारी ५० च, तर? मोल ०.०५० च राहतात, तापायचं द्रावण १५० ग्रॅम होतं, तापमान ४.५ अंशांनीच वाढतं. डेल्टा एच तोच.

प्रश्न: मी विद्यार्थी नाही. महाबळेश्वरला घर आहे, तिथे पातेल्यात डाळ शिजत नाही. कुकरमध्येही तिथे वेळ जास्त लागेल का?
— एक वाचक, पुणे

हाही समतोलाचाच प्रश्न आहे, पाणी आणि वाफ यांच्यातला. वाफेचा दाब बाहेरच्या दाबाइतका झाला की पाणी उकळतं. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब साधारण ०.८५ अॅटमॉस्फिअर. बाष्पीभवनाचा डेल्टा एच ४०.७ किलोज्यूल धरून वरच्याच व्हांट हॉफच्या साच्यात ०.८५ घातलं की उत्कलनबिंदू ९५ अंश येतो. पातेल्याखालचा गॅस कितीही मोठा केला तरी पाणी त्याच्या वर जात नाही, नुसतं आटतं. आणि दहा अंश कमी झाले की शिजण्याचा वेग ढोबळमानाने निम्मा होतो, त्यामुळे पाच अंशांचाही फटका जाणवतो.

कुकरची शिट्टी साधारण १ अॅटमॉस्फिअर दाब वाढवते, पण तो बाहेरच्या दाबावर. समुद्रसपाटीला आत २ अॅटमॉस्फिअर, म्हणजे १२१ अंश. महाबळेश्वरला १.८५, म्हणजे ११८. फरक जेमतेम अडीच अंशांचा. डाळ आधी भिजवून घ्या आणि कुकरला नेहमीपेक्षा दोन-तीन मिनिटं जास्त द्या, तेवढं पुरतं.